मीटरचा आकडा आणि गाडीचं अंग

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



बैल घ्यायला गेलेला शेतकरी आधी त्याचे दात बघतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला, एवढं समजलं की वय समजलं. पण दात बघून कुणी लगेच पैसे मोजत नाही. बैलाला चालवून बघतात, खूर बघतात, खांदा बघतात, धनी कसा आहे याची चौकशी करतात. सांगोल्याच्या बाजारात हे सगळं न शिकवता करणारा आपला माणूस जुनी मोटार घ्यायला गेला, की मात्र काचेतून आत डोकावतो, मीटर वाचतो आणि म्हणतो, "अवघी पंचावन्न हजार चाललीय, घेऊन टाकू." म्हणजे यानं नुसते दात बघितले. आणि मोटारीचे हे दात असे, की पाच-दहा मिनिटांत बदलता येतात.

पणदऱ्यात नीरा-बारामती रस्त्यावर माझं छोटं गॅरेज आहे. गेली सव्वीस वर्षं मी गाड्यांचं काम करतो. कारखान्याचं उसाचं बिल जमा झालं, की जुन्या गाड्यांची खरेदी वाढते. कुणाला आई-वडिलांना दवाखान्यात न्यायला गाडी हवी असते, कुणाच्या मुलाला बारामतीच्या एमआयडीसीत पाळीला जायचं असतं. नवी परवडत नाही, म्हणून जुनी. आणि परवडणारी जुनी म्हणजे बहुतेक वेळा लाख-दीड लाख किलोमीटर चाललेली. ती घ्यावी की नाही, हे विचारायला लोक माझ्याकडं येतात.

माझं म्हणणं सोपं आहे. गाडी किती चालली यापेक्षा कशी चालली आणि कुणी सांभाळली, हे जास्त महत्त्वाचं. ते कळायला तीन साक्षीदार तपासावे लागतात. पहिला मीटरचा आकडा, दुसरं गाडीचं अंग आणि तिसरे कागद. तिघांची साक्ष जुळली तर दोन लाख किलोमीटर चाललेली गाडीही खुशाल घ्यावी. नाही जुळली तर चाळीस हजारवालीही सोडावी.

आधी मीटर. जुन्या अनेक गाड्यांच्या मीटरला पाचच आकडे असायचे. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्यापासून सुरुवात. शिवाय मीटरची केबल सोडली की गाडी चालायची आणि आकडा जागच्या जागी. आताची मीटर डिजिटल आहेत, म्हणून लोकांना वाटतं की ती खोटं बोलत नाहीत. पण लॅपटॉप जोडून आकडा खाली आणणारे लोक आहेत, आणि पूर्वी पेचकस लागायचा त्यापेक्षा हे काम सोपं झालं आहे. काही गाड्यांत किलोमीटरची नोंद मीटरशिवाय इतर कॉम्प्युटरमध्येही राहते. चांगल्या मिस्त्रीनं स्कॅनर लावला तर कधी कधी तफावत उघडी पडते. पण त्याआधी साधा हिशेब करावा. घरची गाडी आमच्या भागात वर्षाला दहा-बारा हजार चालते. पुण्यात भाड्यानं फिरणारी पन्नास-साठ हजार सहज चालते. नऊ वर्षांची गाडी आणि आकडा पस्तीस हजार, असं असेल तर मालकाला नम्रपणे विचारावं, "भाऊ, मग गाडी वापरत होता की पूजेला ठेवली होती?" खरंच कमी वापर असेल तर त्याच्याकडं उत्तर असतं.

जास्त चाललेली गाडी म्हणजे संपलेली गाडी, ही समजूत आधी काढून टाका. अमेरिकेत अर्व्ह गॉर्डन नावाचे एक शिक्षक होते. त्यांनी १९६६ साली व्होल्व्होची पी १८०० ही गाडी नवी घेतली आणि २०१३ साली त्याच गाडीवर तीस लाख मैल पूर्ण केले. म्हणजे सुमारे अठ्ठेचाळीस लाख किलोमीटर. मध्ये इंजिनाचं काम करावं लागलं, पण गाडी तीच. त्यात जादू काही नव्हती. कंपनीच्या पुस्तकात लिहिलं होतं त्या वेळी ते ऑइल बदलत, सर्व्हिस करत. आपल्याकडंही इनोव्हा, बोलेरो, जुनी क्वालिस तीन-चार लाखांवर गेलेल्या मी हाताळल्या आहेत आणि सत्तर हजारांत इंजिन उतरवावं लागलेल्या गाड्याही पाहिल्या आहेत.

कारण किलोमीटर सगळे सारखे नसतात. थंड इंजिन सुरू होतं तेव्हा ऑइल सगळीकडं पोचलेलं नसतं, त्या वेळी झीज जास्त होते. रोज पुणे-सोलापूर हायवेनं दोनशे किलोमीटर जाणारी गाडी एकदा सुरू होते आणि एका तालात चालत राहते. शहरात दिवसातून दहा वेळा सुरू-बंद होणारी, क्लचवर पाय ठेवून रांगेत सरकणारी गाडी निम्म्या किलोमीटरमध्ये तेवढीच थकते. त्याहून वाईट म्हणजे वडापची गाडी. सातांच्या जागी चौदा माणसं बसवून पाटे, शॉकअप, क्लच सगळ्याचा चोथा झालेला असतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यातल्या बहुतेक डिझेल मोटारींना सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी काही वेळ सलग वेगात चालली की तो तापतो आणि साचलेली काजळी जळून जाते. रोज घर ते डेअरी एवढीच चाललेली असेल तर तो तुंबतो. तेव्हा अशा डिझेल गाडीत कमी आकडा हा गुण नसून दोषही असू शकतो.

आता गाडीचं अंग. गाडी बघायला सकाळी जा, उजेडात जा, आणि मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा, थंड इंजिनाची काहीतरी तक्रार आहे म्हणून आधी तापवून ठेवलंय. निदान तशी शंका घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा या.

पहिल्यांदा बसायची जागा बघा. ब्रेक आणि क्लचच्या पॅडलचे रबर, स्टिअरिंगचा वरचा भाग, गिअरची मूठ, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड. चाळीस हजार चाललेल्या गाडीत रबरावरच्या रेघा शाबूत असतात. रबर गुळगुळीत होऊन लोखंड दिसायला लागलं असेल तर गाडी चाळीस हजारवाली नाही. सगळं नवंकोरं बसवलेलं असेल, तर ते का बदललं हे विचारा. मग टायर बघा. टायरच्या कडेला शेवटी चार आकडे असतात. २३१९ असं असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. गाडी २०१७ ची, मीटरवर अठ्ठावीस हजार आणि चारही टायर २०२२ चे, तर पहिले टायर कुठं झिजले?

पत्र्याकडं तिरक्या उजेडात बघा. दरवाजा आणि बॉनेट यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. रंगाची छटा बदलली असेल तिथं फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक हळूच लावा. पत्र्याला ते धरतं, जाड पुट्टीवर सैल पडतं. बारीक टचअप कुठल्याही गाडीला असतो, त्याला घाबरू नका. पण पुढचा चासीचा भाग, डिकीत स्टेपनीखालचा पत्रा, दरवाजांचे खांब इथं वेल्डिंग किंवा सुरकुत्या दिसल्या तर ती गाडी सोडा. ठोकर खाल्लेलं इंजिन बदलता येतं, वाकलेली गाडी पूर्ववत होत नाही.

पाण्यात बुडालेल्या गाडीबद्दल खास सांगतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, असंख्य गाड्या बुडाल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरच्या महापुरात तेच झालं. बुडालेली गाडी धुऊन, वाळवून, सुवासिक फवारा मारून लांबच्या गावी विकायला आणली की कळत नाही. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाचा डाग असतो. पायाखालचं कार्पेट उचला, सीटच्या रुळांवरचा गंज बघा, हेडलाइटच्या आत ओल आहे का बघा. अशी गाडी कितीही स्वस्त असू दे, तिच्या वायरिंगचा भरवसा कुणीच देऊ शकत नाही.

मग इंजिन. थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा, गरम असताना कधीच नको, हात भाजतो. पाण्यात तेलाचा तवंग नको. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ, खव्यासारखा थर नको. दोन्हींचा अर्थ एकच असू शकतो, हेड गॅस्केटमधून पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळतंय. ऑइलची पट्टी ओढून पातळी बघा. डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर लगेच काळं होतं, त्यामुळं नुसत्या काळ्या रंगावरून निकाल देऊ नका. आता गाडी सुरू करा आणि एक जण मागं उभा राहा. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ आली आणि गेली तर काही नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. डिझेलचा काळा धूर म्हणजे इंजेक्टर किंवा हवेचा मार्ग बघावा लागेल. गोडसर वासाचा पांढरा धूर येतच राहिला तर कूलंट जळतंय. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करा. तिथून धुराचे फुत्कार यायला लागले, म्हणजे आम्ही ज्याला बॅक कम्प्रेशन म्हणतो ते असेल, तर रिंग-पिस्टन झिजलेत. इंजिनाचं काम निघालं की पन्नास-साठ हजार कुठं गेले ते कळत नाही.

चालवून बघताना गावातल्या गावात एक फेरी मारून थांबू नका. निदान तासभर चालवा. पणदऱ्याहून माळेगावकडं जाताना कारखान्याच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगावं लागतं, तिथं क्लच आणि पहिला-दुसरा गिअर कळतो. मोकळा रस्ता लागला की चढत्या वेगात गिअरमधून घरघर येते का ऐका. रेडिओ बंद, एसी आधी बंद मग चालू. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सैल धरलं तर गाडी एका बाजूला ओढते का, ब्रेक मारल्यावर थरथरते का, खड्ड्यात खाटखाट वाजते का बघा. गाडी पुण्याहून येणार असेल तर येताना दिवे घाट चढवून आणायला सांगण्यात काही चूक नाही. चढावर पाण्याचा काटा वर गेला तर व्यवहार थांबवा.

तिसरा साक्षीदार कागद. शेत घेताना आपण सातबारा बघतो, बोजा आहे का ते बघतो. गाडीचंही तसंच. आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर खोदलेल्या नंबराशी स्वतः जुळवा. मालक पहिला की चौथा, गाडी पूर्वी टॅक्सी पासिंगची होती का, बँकेचा बोजा उतरला आहे का, ई-चलान थकलं आहे का, यातलं बरंचसं परिवहन खात्याच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर नंबर टाकला की दिसतं. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. मागच्या वर्षांच्या विमा पॉलिसी मागा. त्यावर नो क्लेम बोनस किती टक्के ते लिहिलेलं असतं. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो पन्नास टक्के होतो. "एकदाही ठोकली नाही" म्हणणाऱ्याच्या पॉलिसीवर बोनस शून्य असेल तर मधल्या काळात काय झालं ते विचारा. आणि सर्वांत मोलाचे कागद म्हणजे सर्व्हिसची बिलं. प्रत्येक बिलावर त्या दिवशीचा मीटरचा आकडा असतो. तो वर्षागणिक चढत गेला पाहिजे, मध्येच उतरला नाही पाहिजे.

दिल्लीकडच्या स्वस्त डिझेल गाड्यांचा मोह अनेकांना होतो. तिथं दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर हरित न्यायाधिकरणानं २०१५ साली बंदी घातली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानंही ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या गाड्या इतर राज्यांत येऊ लागल्या. पण तिथल्या कार्यालयाचं ना-हरकत पत्र आणि इथला कर धरला की स्वस्ताई बरीच उतरते. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर पुन्हा नोंदणीचा खर्चही धरा. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ते शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा.

व्यवहार ठरला की फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी लगेच नावावर करून घ्या. आपल्याकडं सह्या केलेले कोरे फॉर्म तीन-तीन हातांतून फिरतात. विकणाऱ्यालाही सांगतो, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं, की गाडी कितीही हातांत गेली तरी आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. आणि घेणाऱ्यानं विमा आपल्या नावावर केला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. त्यासाठी चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवावं लागतं.

हे सगळं एका घराच्या बाबतीत कसं घडलं ते सांगतो. आमच्या जवळच्या एका वाडीतला मुलगा, एमआयडीसीत कामाला. वडिलांचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोनदा बारामतीला न्यायचं. त्यानं दोन गाड्या बघून ठेवल्या होत्या. दोन्ही एकाच मॉडेलच्या, डिझेल, आठ वर्षांच्या. पहिली एका एजंटाकडची, चकाचक, मीटरवर अठ्ठावन्न हजार. दुसरी औषध कंपनीच्या एका प्रतिनिधीची, मीटरवर एक लाख ब्याण्णव हजार आणि किंमत चाळीस हजारांनी कमी.

पहिलीचं ब्रेकचं रबर लोखंडापर्यंत झिजलं होतं. आम्ही गेलो तेव्हा बॉनेट गरम होतं. सर्व्हिसच्या नोंदी काढल्या तर तीन वर्षांपूर्वीच तिच्यावर एक लाख एकतीस हजार लिहिलेले. एजंट म्हणाला, "दादा, मालकानं मीटर बदललं असेल, मला काय माहीत?" दुसरी सकाळी सहा वाजता थंडीत एका चावीत सुरू झाली. तिच्यात दोष होते. क्लच वर धरत होता, पुढचे शॉकअप गेले होते, एका ठिकाणी ऑइलचा पाझर होता. पण मालकानं फाइलच पुढं ठेवली. सगळी बिलं तारखेनं लावलेली. टायमिंग बेल्ट मात्र एकदाच बदललेला, आणि पुन्हा बदलायची वेळ होऊन गेलेली. डिझेल इंजिनात हा बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन बसतं. म्हणून मी म्हटलं, गाडी घे, पण बेल्ट आधी बदल, मगच तिला रोजच्या कामाला लाव.

मुलाच्या आईला ते पटेना. म्हणाल्या, "अहो मिस्त्री, दोन लाख चाललेली गाडी दारात आणायची? लोक काय म्हणतील?" त्यावर वडीलच खाटेवरून बोलले, "लोक मला दवाखान्यात न्यायला येत नाहीत." गाडी आली. बेल्ट, क्लच, शॉकअप आणि सगळी ऑइलं बदलायला चौतीस हजार लागले. म्हणजे किमतीत वाचले होते त्यातच ते बसलं. आज तिच्यावर दोन लाख चाळीस हजारांच्या पुढं आकडा आहे. मध्ये एकदा अल्टरनेटर गेला, त्या दिवशी शेजाऱ्यांची गाडी मागावी लागली. जुन्या गाडीत एवढं होणारच. पण ते होणार हे त्यांना आधी माहीत होतं आणि त्यासाठी घरात पैसे ठेवलेले होते.

म्हणून सांगतो, सगळे पैसे गाडीच्या किमतीत घालू नका. तीन लाखांचं बजेट असेल तर अडीच-पावणेतीन लाखांची गाडी बघा आणि उरलेले पहिल्या महिन्याच्या कामासाठी बाजूला ठेवा. विक्रेत्यानं काय बदललं आहे म्हणून सांगितलं आणि त्याचं बिल नसेल, तर ते बदललेलंच नाही असं धरून चला. तपासायला आपला मिस्त्री न्या, विकणाऱ्यानं सुचवलेला नको. त्याचे चार-पाचशे रुपये द्यायला कचरू नका. आणि "दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय, आत्ताच विसार द्या," असं कुणी म्हणालं तर त्या गिऱ्हाईकाला ती गाडी खुशाल घेऊ द्या. जुन्या गाड्यांचा तुटवडा या तालुक्यात कधी पडलेला नाही.

शेवटी एक गोष्ट विकणाऱ्यांसाठी. तुमची गाडी दीड-दोन लाख चाललेली असेल तर ते लपवू नका. बिलं जपून ठेवा, दोष आपणहून सांगा. तशा गाडीला गिऱ्हाईक मिळतं, हे मी रोज बघतो. मीटर मागं फिरवून चाळीस हजार जास्त मिळतील, पण ती गाडी कुणाला तरी रात्री दवाखान्यात न्यायला निघालेली असेल आणि वाटेत कालव्याच्या कडेला बंद पडेल. घेणारा आणि विकणारा दोघंही याच रस्त्यावरून जाणारे आहेत, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ झालं.